कोणाच्या नावाने, कशासाठी : पुण्याच्या मुद्रांचा मागोवा

पुणे महानगरपालिकेच्या बोधचिन्हावर तीन संस्कृत शब्द आहेत : 'वरं जनहितं ध्येयम्'. लोकांचे हित हेच श्रेष्ठ ध्येय, इतका सरळ त्याचा अर्थ. मिळकतकराच्या बिलापासून कचऱ्याच्या गाडीपर्यंत हे शब्द पुणेकराच्या नजरेखालून रोज जातात आणि रोज जातात म्हणूनच कोणी ते वाचत नाही. मला ते नीट वाचावेसे वाटले ते जुन्या कागदांमुळे. गेल्या पावणेचारशे वर्षांत या शहराच्या कारभारातून जे हुकूम, सनदा, कौल आणि करारनामे निघाले, त्यांच्यावर काही अक्षरे उमटलेली आहेत. ती सगळी एकामागोमाग लावून पाहिली की या तीन शब्दांत काय आले आहे आणि काय गळले आहे, ते स्वच्छ दिसते.

बोधचिन्ह म्हटले की आपण आधी चित्राकडे बघतो. ही सवय युरोपातून आली. तिकडे घराण्यांना, शहरांना, व्यापारी संघांना ढालीवरची चिन्हे मिळत. सिंह, गरुड, किल्ले, जहाजे यांची भाषा ठरलेली असे आणि कोणी काय मिरवायचे याचा निवाडा करणारी 'कॉलेज ऑफ आर्म्स' ही संस्था लंडनमध्ये १४८४ पासून आहे. हिंदुस्थानात ही पद्धत थाटाने मांडली गेली ती १८७७ च्या दिल्ली दरबारात. व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली आणि संस्थानिकांना त्यांच्या नव्या चिन्हांचे रेशमी ध्वज वाटले गेले. रॉबर्ट टेलर नावाच्या एका मुलकी अधिकाऱ्याने ती चिन्हे बेतली होती. ज्यांचे पूर्वज दोन-तीन शतके स्वतःच्या मुद्रेने राज्य करत आले, त्यांना अशा रीतीने तयार ढाली मिळाल्या.

चित्र आपल्याकडे नव्हते असे नाही. यादवांच्या ताम्रपटांना गरुडाची मुद्रा असे. पुण्याचे नावही आपल्याला पहिल्यांदा भेटते ते राजाज्ञेतच : राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत 'पुण्य विषय' आणि 'पूनक विषय' असे उल्लेख आहेत. पण मराठेशाहीच्या कागदावर अधिकाराची खूण म्हणून जी वस्तू उमटते ती अक्षरांची आहे. बहमनी आणि त्यानंतरच्या शाह्यांच्या दरबारांत शिक्का म्हणजे कोरलेले नाव, हा शिरस्ता पक्का झाला होता आणि दख्खनचे सरदार बहुधा फारसीत शिक्के करून घेत. म्हणून पुण्याच्या चिन्हांचा इतिहास लिहायचा तर चित्रापेक्षा मजकूर हातात धरावा लागतो. मजकूर वाचताना दोन प्रश्न पुरतात. हा कारभार कोणाच्या नावाने चालला आहे? आणि कशासाठी?

पहिला कागद २८ जानेवारी १६४६ चा. पुणे परगण्याला लागून असलेल्या कर्यात खेडेबाऱ्यातले रांझे गाव. तिथला मोकदम बाबाजी बिन भिकाजी गुजर. मोकदमी करताना त्याच्याकडून जे घडले त्याला कागदातला शब्द आहे 'बदअंमल'. रूढ समजूत अशी की तो एका स्त्रीवरचा अत्याचार होता. शिक्षा म्हणून त्याचे हातपाय तोडण्यात आले. त्याच्याच कुळातला सोनजी गुजर पुढे आला, त्याने बाबाजीला सांभाळण्याची जबाबदारी पत्करली आणि सरकारात रक्कम भरली. तेव्हा पाटिलकी सोनजीकडे गेली. गुन्हा, शिक्षा, अपंग झालेल्या माणसाची सोय आणि वतनाची नवी व्यवस्था एवढे सगळे एकाच कागदात आहे. हा कागद देणारे शिवाजीराजे तेव्हा सोळा वर्षे पुरी व्हायला तीन आठवडे कमी, अशा वयाचे होते.

या पत्रावर अष्टकोनी राजमुद्रा आहे. तिचा श्लोक मराठी मुलाला शाळेत पाठ होतो, म्हणून तो इथे देत नाही. अर्थ मात्र तुकड्यातुकड्याने बघू. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाने वंदिलेली, शहाजीचा पुत्र शिवाजी याची, ही मुद्रा कल्याणासाठी शोभते. शब्द मोजकेच आहेत, पण एकही भरतीचा नाही. नाव आहे, वडिलांचे नाव आहे, आणि अगदी शेवटी कशासाठी याचेही उत्तर आहे : भद्राय, कल्याणासाठी. तिच्यात जे नाही तेही पाहावे. शहाजीराजे आदिलशाहीचे सरदार होते, पुणे ही त्यांची जहागीर होती, तरी आदिलशहाचे नाव मुद्रेत कुठेही नाही. पातशहाची छाया नाही, 'राजा' हे बिरुदसुद्धा नाही. बापाचे नाव, मुलाचे नाव आणि हेतू.

ही मुद्रा संस्कृतात का कोरली, यावर बरेच लिहिले गेले आहे. माझ्या मते तिला जोडून दुसरी गोष्ट बघायला हवी. राज्याभिषेकानंतरच्या काळात रघुनाथपंतांकडून 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला गेला आणि दफ्तरातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवले गेले. १६४६ ची मुद्रा आणि तीस वर्षांनंतरचा कोश यांत एकच विचार आहे असे मला वाटते : कारभाराची भाषा ही कारभाराचाच भाग आहे. १६७४ मध्ये जहागीरदाराचा मुलगा छत्रपती झाला, सिंहासन आले, शक सुरू झाला, पण मुद्रा तीच राहिली. मुद्रेत पदवी नव्हतीच, त्यामुळे पदवी बदलली म्हणून ती बदलण्याचे कारण पडले नाही.

अशा पत्राच्या अखेरीस दुसरा, लहान शिक्का असतो, तो मोर्तब. शिवाजीराजांच्या पत्रांवर त्यात 'मर्यादेयं विराजते' असे शब्द आहेत. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी ओळ वाढवली तर ती आमची नव्हे, हे सांगण्याचे ते साधन. वरची मुद्रा आणि खालचे मोर्तब यांच्यामध्ये जे येईल तेवढेच राज्याचे बोलणे. कागद लांब असेल तर तुकडे खळीने जोडून गुंडाळी करत आणि जोडावर मागच्या बाजूनेही खूण करत, म्हणजे मधला तुकडा बदलून दुसरा चिकटवता येऊ नये. नक्कल करणारा कारकून शिक्का उमटवू शकत नसे. तो त्या जागी 'मोर्तब सूद' असे शब्द लिही. त्यामुळे एखादा कागद अस्सल की नक्कल, हे पहिल्या नजरेत ठरायला मदत होते.

एक बारीक गोष्ट अशी कागदपत्रे पाहताना नेहमी जाणवते. पत्राचा मजकूर मोडीत असतो, एका दमात, बोरू शक्यतो न उचलता लिहिलेला. मुद्रा मात्र बालबोध अक्षरांत, एकेक अक्षर सुटे. धातूवर ती उलटी कोरलेली. जागा भरली की शब्द मध्येच तोडून पुढच्या ओळीवर नेलेला. आजच्या वाचकाला मोडीची एक ओळ लागत नाही, पण शाई फार पसरली नसेल तर मुद्रा तो थोड्या सरावाने वाचतो. मजकुराला वाचणारा कुलकर्णी लागे. कागद कोणाचा आहे हे ओळखायला मुद्रा पुरे.

आता सुमारे सत्तर वर्षे पुढे येऊ. १७१३ च्या नोव्हेंबरात शाहूछत्रपतींनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली. पेशवाईची वस्त्रे देताना शिक्के आणि कट्यार देण्याचा प्रघात होता, म्हणजे मुद्रा ही पदाबरोबर हातात दिली जाणारी वस्तू होती. ती साताऱ्याहून मिळे. पहिल्या बाजीरावांची मुद्रा अशी : 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान'. राजा शाहू नरपतीच्या हर्षाचे निधान असलेला, बाळाजीचा मुलगा बाजीराव, मुख्य प्रधान. 'बल्लाळ' म्हणजे बाळाजीचा पुत्र; म्हणून बाजीरावही बल्लाळ आणि त्यांचे नातू थोरले माधवरावही बल्लाळ, कारण दोघांच्याही वडिलांचे नाव बाळाजी.

राजमुद्रेशी ही मुद्रा ताडून पाहिली की फरक डोळ्यांत भरतो. इथे हेतूचा शब्द नाही. कल्याण नाही, लोक नाहीत. आहेत ती फक्त नाती : वर राजा, खाली प्रधान, आणि प्रधानाचा गुण एकच, की राजा त्याच्यावर प्रसन्न आहे. पेशव्यांनी लोककल्याणाचे काही केले नाही, असा याचा अर्थ नाही. नानासाहेबांच्या कारकिर्दीत कात्रजहून नळाने पाणी आले, नव्या पेठा वसल्या, बाहेरून येणाऱ्या उदमी लोकांना करमाफीचे कौल मिळाले. त्या कौलांवर जी मुद्रा पडे ती मात्र मागाहून आलेल्या माणसाला एवढेच सांगे, की हे देणाऱ्याला देण्याचा अधिकार कुठून आला.

तो अधिकार कागदावर शेवटपर्यंत साताऱ्याहूनच आला, हे मला या साऱ्या साखळीतले सर्वांत विलक्षण वाटते. १५ डिसेंबर १७४९ ला शाहूछत्रपती वारले. जानेवारी १७५० मध्ये रामराजे गादीवर आले. नानासाहेब पेशव्यांची मुद्रा बदलली : 'श्री राजाराम नरपति हर्षनिधान बाळाजी बाजीराव मुख्य प्रधान'. त्याच वर्षी सांगोल्याचा करार झाला आणि राज्याचा कारभार उघडपणे पेशव्यांच्या हाती गेला. रामराजे साताऱ्याच्या किल्ल्यावर जवळजवळ नजरकैदेत राहिले. ज्या राजाला स्वतःच्या मर्जीने गडाखाली उतरणे कठीण, त्याचे नाव पुण्यातून निघणाऱ्या हुकमांवर पेशव्याच्या नावाच्या आधी उमटत राहिले. थोरल्या माधवरावांनी तेच केले : 'श्री राजाराम नरपति हर्षनिधान माधवराव बल्लाळ मुख्य प्रधान'.

१७७३ च्या ऑगस्टात नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. पुढच्या एप्रिलात पुरंदरावर त्यांना मरणोत्तर मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणवली गेली. कारभार बारभाईंचा, म्हणजे सखारामबापू, नाना फडणीस आणि त्यांच्या बरोबरच्या मुत्सद्द्यांचा. मुद्रा 'माधवराव नारायण' या तान्ह्या मुख्य प्रधानाची. एका बाजूला कोंडलेला राजा, दुसऱ्या बाजूला पाळण्यातला प्रधान, आणि या दोघांच्या नावांनी राज्य चाललेले. याला ढोंग म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. नारायणरावांचे चुलते रघुनाथराव पेशवाईवर हक्क सांगत होते, पुढे मुंबईकर इंग्रजांना घेऊन आले. त्या धामधुमीत बारभाईंची बाजू न्यायाची ठरली ती साताऱ्याच्या वस्त्रांमुळे आणि या मुद्रेमुळे. नाव दुर्बळ माणसाचे असले तरी त्या नावाची गरज दुर्बळ नव्हती.

नाणी बघितली तर आणखी एक थर उघडतो. पुण्याच्या टांकसाळीचा 'अंकुशी' रुपया प्रसिद्ध आहे. त्यावर फारसीत नाव आहे ते दिल्लीच्या बादशहाचे, आणि टांकसाळीचे गाव 'मुहियाबाद'. औरंगजेब १७०३ च्या सुमारास पुण्यात तळ देऊन असताना त्याचा एक नातू इथे वारला आणि त्याच्या नावावरून गावाला हे नाव दिले गेले. बोलण्यात ते कधी रुजले नाही. नाण्यावर मात्र टिकले. म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या बाजारात हातात पडणारा रुपया शाह आलमचा, वाड्यातून निघणारी सनद साताऱ्याच्या राजाची, आणि दोन्ही काढणारे पेशवे. नाण्यावर त्यांची स्वतःची खूण एकच : लहानसा अंकुश. गजाननाच्या हातातले ते आयुध गणेशभक्त पेशव्यांनी घेतले, असा त्याचा अर्थ सहसा लावला जातो. ढाल-सिंहांच्या भाषेत ज्याला चिन्ह म्हणतात, त्याच्या जवळ जाणारी पुण्याची जुनी वस्तू कोणती असे मला कोणी विचारले, तर मी हा अंकुश दाखवीन.

राजाचे नाव आणि पेशव्याचे नाव अशी जोडी मुद्रेत असल्यामुळे संशोधकाच्या हाती एक कसोटी आली. 'राजा शाहू' आणि 'बाळाजी बाजीराव' ही जोडी १७४० ते १७४९ या काळातली. 'राजाराम' आणि 'बाळाजी बाजीराव' ही १७५० ते १७६१ मधली. नुसते 'राजा शाहू' पाहून भागत नाही, कारण १७७७ च्या डिसेंबरात रामराजे वारल्यावर धाकटे शाहू आले आणि ते नाव मुद्रेत परतले. दुसऱ्या बाजीरावांची मुद्रा 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव रघुनाथ मुख्य प्रधान' अशी आहे. आजोबा आणि नातू दोघांच्या मुद्रांत 'शाहू' आणि 'बाजीराव' ही नावे सारखी. पुढचा 'बल्लाळ' की 'रघुनाथ' हा शब्द वाचल्याशिवाय सत्तर-ऐंशी वर्षांची चूक व्हायला वेळ लागत नाही. मग मजकुरातली मिती ताडायची. 'इहिदे खमसैन मया व अलफ' म्हणजे एक, पन्नास, शंभर, हजार : शुहूर सन ११५१. त्यात ५९९ मिळवले की १७५०. हे वर्ष मृगापासून मोजत, म्हणून १७५० च्या जूनपासून पुढच्या मे अखेरपर्यंत. अशा मितीच्या कागदावर थोरल्या शाहूंच्या नावाची मुद्रा असेल तर थांबून विचार करावा लागतो. राजा वारला की नवी मुद्रा कोरून हाती येईपर्यंत दिवस लागणारच, तेव्हा थोड्या दिवसांचा फरक समजण्यासारखा. वर्ष-दोन वर्षांचा फरक असेल तर कागद पुन्हा तपासायचा.

अशी तपासणी हा विद्वानांचा छंद आहे असे आज वाटेल. एकोणिसाव्या शतकात त्यावर घराघरांचे पोट अवलंबून होते. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पेशव्यांचे दफ्तर एल्फिन्स्टनच्या माणसांनी ताब्यात घेतले, कारण कोणाला काय दिले आहे हे त्याशिवाय कळणार नव्हते. पुढे इनाम कमिशन आले. १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्याला जोर आला. शेत, वाडी, देवस्थानचे उत्पन्न धरून असलेल्याने आपला हक्क कागदाने शाबीत करायचा होता. आजोबांनी कापडात बांधून माळ्यावर ठेवलेली सनद बाहेर काढायची, आणि मुद्रा कोणाची, मोर्तब आहे का, दफ्तरात त्याची नोंद सापडते का, यावर जमीन राहणार की जाणार. कित्येकांची गेली. इतिहासाच्या पुस्तकांत इनाम कमिशन एका वाक्यात उरकतात, त्याचे मला वाईट वाटते. शाईचा एक पुसट ठसा आणि त्याच्यापुढे बसलेले कुटुंब, असे ते हजारो प्रसंग होते.

ते दफ्तर आज पुण्यातच, पुराभिलेखागाराच्या दगडी इमारतीत आहे. ती इमारत १८९१ मध्ये पुरी झाली. सुमारे ३९ हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडून १९३० पासून पुढच्या चार वर्षांत ४५ खंड काढले. त्याआधी राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला होता आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले होते. मुद्रा, मिती, कागद आणि अक्षर यांवरून अस्सल-बनावट पाहण्याची शिस्त मराठीत रुजली ती याच वर्तुळात. गणेश हरी खऱ्यांच्या 'संशोधकाचा मित्र' या पुस्तकाने ती पुढच्या पिढीच्या हाती दिली.

पेशव्यांच्या जागी आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह मात्र चित्रांचे होते : ढाल, क्रूस, सिंह, आणि खाली लॅटिन ब्रीद. १६९८ साली मिळालेल्या त्या ब्रीदाचा अर्थ आहे, इंग्लंडच्या राजाच्या आणि संसदेच्या आश्रयाने. चित्रे बाजूला ठेवून मजकूर वाचला तर तो 'राजा शाहू नरपति हर्षनिधान' याच जातीचा निघतो. राज्य करणारा एक, नाव वरच्याचे. व्यापारी कंपनीने मुलूख जिंकला, कर बसवले, फाशी दिली, आणि हे सगळे दुसऱ्या कोणाच्या तरी कृपेने असे लिहून ठेवले. कंपनीच्या नाण्यांवरही १८३५ पर्यंत दिल्लीच्या बादशहाचे नाव होते. पुण्याच्या वाड्यातला शिरस्ता आणि लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरचा शिरस्ता इतका सारखा असेल अशी माझी अपेक्षा नव्हती. 'कशासाठी' याचे उत्तर दोन्हीकडे नाही.

१८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपून राणीचा सुरू झाला आणि पुण्याची नगरपालिकाही त्याच वर्षीची. पहिली अनेक वर्षे सभासद सरकारने नेमलेले असत. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला यायचे ठरले. स्वागतासाठी हजार रुपये खर्चावेत असा ठराव आला. फुल्यांनी सांगितले की हा पैसा पुण्यातल्या गरिबांच्या शिक्षणावर लावा. बत्तीस सभासदांत विरोधी मत त्यांचे एकट्याचे पडले. नव्या मंडईवरच्या मोठ्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. ती मंडई १८८६ मध्ये गव्हर्नर रे यांच्या नावाने उघडली आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला फुल्यांचेच नाव दिले गेले. शहराच्या तिजोरीतला रुपया कोणाच्या नावाने आणि कशासाठी खर्च व्हावा, हे दोन प्रश्न त्या सभागृहात इतक्या स्पष्टपणे समोरासमोर आणणारा हा पहिला माणूस.

नगरपालिकेचे दफ्तर १९३० पासून १९५९ पर्यंत विश्रामबागवाड्यात होते, म्हणजे दुसऱ्या बाजीरावांनी बांधलेल्या वाड्यात. या मुक्कामातच १५ फेब्रुवारी १९५० ला पुणे महानगरपालिका झाली. बाबूराव सणस पहिले महापौर. ज्या कायद्याने ती झाली तो १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. आज त्याला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. त्यात महानगरपालिका म्हणजे काय हे सांगताना दोन गोष्टी एका वाक्यात येतात : तिला अखंड परंपरा असेल आणि तिला एक सामाईक मोहोर असेल. माणसे येतील-जातील, संस्था चालू राहील, आणि तिचे बोलणे मोहोरेने ओळखले जाईल. १७७४ मध्ये पुरंदरावरच्या मुत्सद्द्यांना जे साधायचे होते ते कायद्याच्या भाषेत इथे उतरले आहे. पाळण्यातले नाव आता लागत नाही.

आणि मोहोरेच्या पुढे तीन शब्द. मुंबई महापालिकेने ब्रीद घेतले ते महाभारतातले, धर्म असेल तिथे जय असेल असे सांगणारे. पिंपरी चिंचवडचे ब्रीद 'कटिबद्धा जनहिताय', म्हणजे जनहितासाठी कंबर कसलेली. त्यात संस्था स्वतःबद्दल बोलते. पुण्याच्या ब्रीदात संस्थाही नाही. 'वरं जनहितं ध्येयम्' या वाक्यात कोणीच माणूस नाही : राजा, प्रधान, बाप, मुलगा, आश्रयदाता, कोणीच नाही. राजमुद्रेने नाव आणि हेतू दोन्ही सांगितले. पेशव्यांच्या मुद्रेत नावे राहिली, हेतू गेला. महानगरपालिकेच्या ब्रीदात हेतू परत आला आणि नावे गेली. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. शंभर-सव्वाशे वर्षे या शहराच्या कागदावर जी जागा राजाच्या प्रसन्नतेची होती, तिथे लोकांचे हित आले.

नाव गेल्याने एक जबाबदारी मात्र मोकळी राहते. 'शाहसूनु शिव' म्हटले की विचारायला माणूस असतो. जनहित म्हटले की ठरवणार कोण, हा प्रश्न उरतो. कायदा करणाऱ्यांनी त्याची सोय केली होती. सामाईक मोहोर नगरसचिवाच्या ताब्यात राहील, आणि ज्या करारावर ती उमटवायची त्यावर ती स्थायी समितीच्या दोन सभासदांच्या समक्ष उमटेल. त्यांनी तिथे सह्या करायच्या. हे दोघे लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहातले. मोहोर सचिवाच्या कपाटात, पण ती उघडी करायला लोकांची दोन माणसे हजर हवीत. नाव मुद्रेतून काढून ते मुद्रेच्या शेजारी, शाईने, सही म्हणून आणले गेले.

मार्च २०२२ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. निवडणूक झाली नाही, प्रशासक आले, आणि सभागृहाचे व स्थायी समितीचे अधिकार साडेतीन वर्षांहून अधिक काळ त्या एका पदाकडे राहिले. त्या काळात शहराची अंदाजपत्रके झाली, मोठी कंत्राटे दिली गेली, रस्ते आणि नदीकाठ यांवर कोट्यवधी रुपयांचे निर्णय झाले. त्या सगळ्या कागदांवर 'वरं जनहितं ध्येयम्' होतेच. पुढे कोणी अभ्यासक हे कागद रुमालातून म्हणा की संगणकातून, बाहेर काढील, तेव्हा त्याने मोहोरेबरोबर तिच्या शेजारच्या सह्याही बघाव्यात. या चार वर्षांचे कागद त्याला तेवढ्यावरून वेगळे काढता येतील.